पहिली मूठ

फार पूर्वी डोंगरांच्या पलीकडे एक राज्य होतं. त्या राज्यात शाळेत कोणी जायचं हे कोण ठरवत असे, सांगा पाहू? राजा? नाही. पंडित? छे! आईबाप? मुळीच नाही. ते ठरवत वर्षाची बाळं. ज्यांना धड उभंही राहता येत नाही, नाक कुठलं आणि कान कुठला हेही कळत नाही, ती बाळं!

दर पाडव्याला गावोगावच्या देवळापुढे जाजम अंथरलं जाई. वर्षाची झालेली बाळं त्याच्या एका टोकाला बसवत. दुसऱ्या टोकाला मांडून ठेवत विळा, पळी, तराजू, शेळीच्या गळ्यातली चकचकीत पितळी घंटा आणि अगदी कडेला एक काळपट लेखणी. बाळ रांगत जाऊन ज्या वस्तूवर पहिली मूठ आवळेल, तो त्याचा जन्माचा निवाडा. विळा धरला, शेतात जा. पळी धरली, चुलीपाशी बस. घंटा धरली, शेळ्या राख. आणि लेखणी धरली तरच शाळा. या सोहळ्याला म्हणत 'पहिली मूठ'.

"बाळाच्या मुठीत देव असतो," असं पुजारी सांगे आणि सगळे माना डोलवत. देवाशी कोण वाद घालणार?

आता तुम्हीच सांगा, समोर पितळी घंटा लखलखत असताना कुठलं बाळ काळ्या काडीकडे जाईल? गावोगाव घंटाच उचलल्या जात. तरीही नवल असं, की मोठ्या घरची बाळं बरोब्बर लेखणीच धरत. प्रधानजींच्या घरी लेखणी, सेनापतींच्या घरी लेखणी, कोठारप्रमुखांच्या घरी लेखणी. या घरांतला सोहळा देवळापुढे होत नसे. बाळाला लोकांची दृष्ट लागेल म्हणून तो घरातल्या घरात, दार लावून होत असे. लोक म्हणत, "थोरांच्या घरी सरस्वतीचा वास असतो, दुसरं काय!"

या राज्यात कड्याच्या पायथ्याशी एक मधवाली राहत होती. कड्यावरची पोळी उतरवायची, मध गाळायचा आणि घरोघर विकायचा, हा तिचा धंदा. पूर्वी कड्यावर तिचा नवरा चढत असे. एका पावसाळ्यात तो घसरून पडला. वैद्य राहत होते नदीपलीकडे, आणि नदीवरचा पूल नेमका आदल्या आठवड्यात वाहून गेला होता. पूल बांधणारा कारागीर राज्यात एकही नव्हता. तो शेजारच्या राज्यातून यायचा, आणि तोही पाऊस उघडल्यावर, सवडीने. तोवर मधवालीचा नवरा कण्हत कण्हत गेला. वैद्यांचा दिवा मात्र पलीकडच्या काठावर तिला दिसत राहिला होता.

तिला दोन मुली. थोरलीने पहिल्या मुठीत घंटा धरली होती, म्हणून ती शेळ्या राखायची. पण ती पोरगी भलतीच चौकस. शेळ्या सोडायची चरायला आणि स्वतः जाऊन उभी राहायची शाळेच्या खिडकीशी. गुरुजी फळ्यावर काढत ते ही ओढ्याच्या रेतीत काढून बघायची. एकदा पकडली गेली, तेव्हा शाळेच्या शिपायाने तिला पार वेशीपर्यंत हाकललं.

"आये, घंटा मीच धरली होती का गं?" तिने घरी येऊन विचारलं.

"व्हय बाई. तूच."

"मला तर आठवत बी न्हाई. मग माझ्यावर राग कशाला?"

 मधवालीने पोरीच्या हातावर मधाचं बोट ठेवलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

यंदाच्या पाडव्याला धाकटीची पाळी होती. धाकटी नुकतीच वर्षाची झालेली, गुबगुबीत, आणि चकचकीत दिसेल त्यावर झेप घेणारी. मधवालीच्या छातीत आठ दिवस आधीपासून धडधडत होतं. ती रोज एक काळी काडी धाकटीपुढे धरायची. धाकटी काडीकडे बघायची, हसायची आणि आईच्या कानातल्या बाळीला हात घालायची.

पाडव्याच्या सकाळी प्रधानजींच्या वाड्यावरून निरोप आला, "वाटीभर ताजा मध लगेच हवा." यात नवीन काही नव्हतं. मोठ्या घरी पहिली मूठ असली की मध लागायचाच. पंगतीला लागत असेल, असं मधवाली समजून होती. एरवी ती मागल्या दारात भांडं ठेवून परत फिरे. त्या दिवशी मात्र सगळे पाहुण्यांच्या गडबडीत, मागल्या दारी चिटपाखरू नाही. म्हणून ती भांडं घेऊन आत गेली.

माजघरात प्रधानजींचा नातू पाटावर बसला होता. समोर वस्तू मांडल्या होत्या, आणि राजवाड्यापासून सगळ्या मोठ्या घरची बाळं सांभाळलेली म्हातारी दाई पुढे बसून मधाची वाट बघत होती.

"आलीस? आण इकडे लवकर," दाई म्हणाली. तिने मधात बोट बुडवलं आणि लेखणीला वरपासून खालपर्यंत नीट मध चोपडला. मग तेच बोट बाळाच्या ओठाला लावलं. बाळाने मिटक्या मारल्या, मधाकडे बघितलं आणि सरळ लेखणीवर झडप घातली.

"लेखणी!" बाहेरच्यांना ऐकू जाईल असं दाई ओरडली. ओसरीवर चौघडा वाजू लागला.

मधवाली जागच्या जागी थिजली. तिला आधी कळेना आपण काय पाहिलं. मग कळलं. म्हणजे देव नव्हे? सरस्वती नव्हे? मध? आणि तोही कुणाचा, तर तिचा! तिचा नवरा ज्या कड्यावरून पडला, त्या कड्यावरचा मध! तो या घरांतल्या लेखण्यांना लागत होता, आणि तिची स्वतःची पोर घंटा गळ्यात बांधल्यासारखी शेळ्यांमागे फिरत होती.

"दाईआजी," ती कशीबशी म्हणाली, "हे... हे असं नेहमीच करता?"

दाईने मान वर केली आणि बाईचा पांढराफटक चेहरा बघितला. म्हातारी वाईट नव्हती. हुकमाची ताबेदार होती, इतकंच. ती हळूच म्हणाली, "पिढ्यान् पिढ्या चालत आलंय गं. बोभाटा करशील तर जिभेला मुकशील. त्यापेक्षा माझं ऐक. आज तुझ्या धाकटीची मूठ आहे ना? जाजम अंथरायच्या आधी लेखणीवर बोट फिरव. कोण बघतंय? तुझ्या लेकीचं भलं होईल, आणि तूही गप्प, मीही गप्प."

मधवाली वाड्यातून बाहेर पडली, ती चालतेय की तरंगतेय हेच तिला उमजत नव्हतं. कमरेला मधाची छोटी बुधली होती. वाटभर ती त्या बुधलीला हात लावून बघत होती. एक बोट! फक्त एक बोट फिरवलं की धाकटी शाळेत जाईल. कुणाला कळणार नाही. एवढी वर्षं कुणाला कळलं होतं?

देवळापुढे ही गर्दी! त्या वर्षी खुद्द राजा गावच्या सोहळ्याला आला होता. राजा मनाने चांगला होता. आपल्या राज्यात गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच जाजम आणि एकच निवाडा, याचा त्याला फार अभिमान. बिचाऱ्याला हेही ठाऊक नव्हतं, की जाजम एक असलं तरी लेखण्या दोन होत्या. त्याच्या उजव्या हाताला प्रधानजी बसले होते, नातवाच्या सोहळ्याचा टिळा अजून कपाळावर ओला. त्यांच्यामागे दाईही येऊन उभी राहिली.

पुजारी वस्तू मांडत होता. लेखणी जाजमाच्या कडेला पडली होती आणि त्याची पाठ तिच्याकडे होती. मधवाली पुढे सरकली. तिने बुधलीचं बूच काढलं, बोट मधात बुडवलं. लेखणी हाताच्या अंतरावर होती.

तेवढ्यात तिची नजर बाळांच्या रांगेवर गेली. धाकटीच्या शेजारी कुंभाराचा मुलगा बसला होता, अंगठा चोखत. त्याच्या शेजारी कोष्ट्याची मुलगी. पलीकडे नावाड्याचं बाळ, त्याला तर अजून नीट रांगताही येत नव्हतं. प्रत्येकाच्या मागे एक आई उभी होती, आणि प्रत्येकीच्या डोळ्यांत तीच धडधड होती जी मधवालीच्या छातीत होती. गर्दीच्या कडेला तिची थोरली उभी होती, शेळीचं दावं हातात धरून. 'माझ्यावर राग कशाला?' असं विचारणारी पोर.

मधवालीचं बोट लेखणीवर टेकता टेकता थांबलं. आज हिला चोरून मध लावला, तर उद्या मीही त्या वाड्यातलीच झाले की! असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस वाटली.

ती ताठ उभी राहिली. तिने लेखणी उचलली, डोक्याच्या वर धरली, आणि सगळ्या गावादेखत बुधली तिच्यावर उपडी केली. मधाची धार लेखणीवरून ओघळून तिच्या कोपरापर्यंत आली. मग तिने बोटाने प्रत्येक बाळाच्या ओठाला थेंब थेंब मध लावला आणि लेखणी जाजमावर होती तिथे ठेवून दिली.

एकच गलका झाला. "अगं ए, काय करतीस? याड लागलं का?" पुजारी किंचाळला. "बाटवलीस मूठ! देवाचा निवाडा बाटवलास!"

शिपाई धावले. राजाने हात वर करून त्यांना थांबवलं. "बाई, हे काय आरंभलंस?"

मधवालीचा आवाज खणखणीत होता. "महाराज, मोठ्या घरी दार लावून करत्यात, तेच मी दार उघडून केलं. चूक झाली असंल तर पहिल्यांदा त्यांना विचारा, मग मला."

राजाला बोध होईना. पण तोवर बाळांनी कुणाची वाट बघितली नव्हती. कुंभाराचं पोर निघालं, कोष्ट्याची मुलगी निघाली, धाकटी तर सगळ्यांच्या पुढे. घंटा लखलखत होती, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. एकेक मूठ लेखणीवर पडत गेली, लेखणी पुरेना तेव्हा पोरं एकमेकांच्या मुठी चाटू लागली. नावाड्याचं बाळ, ज्याला रांगता येत नव्हतं, तेसुद्धा पोटावर सरपटत आलं आणि त्या ढिगाऱ्यात घुसलं.

 कुणी हसलं नाही. आया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. जे समजत होतं ते इतकं भयंकर होतं, की समजूनही कुणाला समजून घ्यायचं नव्हतं.

राजा सावकाश प्रधानजींकडे वळला. "प्रधानजी, ही बाई म्हणते ते खरं?"

प्रधानजींनी मुंडी खाली घातली. राजाने सेनापतींकडे पाहिलं. सेनापती आपल्या जोड्यांकडे बघत होते. कोठारप्रमुखांना अचानक खोकला लागला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

 मग राजाची नजर मागे उभ्या असलेल्या दाईवर गेली. "दाई, तूच मला वाढवलंस. खरं सांग. माझ्या लेखणीला..."

म्हातारी दाई पुढे आली आणि जमिनीवर बसली. इतक्या वर्षांचं ओझं तिलाही पेलवेनासं झालं होतं. "महाराज, तुमच्या लेखणीला तर मी दोनदा मध लावला. पहिल्यांदा तुम्ही घंटेकडेच गेला होतात. घट्ट धरली होतीत, सोडायला तयार नव्हतात. मग थोरल्या राणीसाहेबांनी तुमची बोटं सोडवली आणि तुम्हाला पुन्हा बसवलं."

ऐकलंत? राजानेच शेळ्या राखायच्या होत्या! ज्या नियमाने राजा हजारो पोरांना शाळेच्या दारातून परत पाठवत होता, त्या नियमाने तोच पहिला परत जायला हवा होता.

 राजा आसनावरून उतरून जाजमापाशी आला आणि लोकांना म्हणाला, "ज्यांच्या मुठीत घंटा आली, विळा आला, पळी आली, त्यांनी हात वर करा."

एक हात वर झाला. मग दुसरा. मग पटांगणभर हातच हात, देवळाच्या पायऱ्यांवर, पारावर, झाडांवर चढलेल्या पोरांचेसुद्धा. मान वळवावी तिकडे हात. राजा बघत राहिला आणि त्याचे डोळे विस्फारत गेले. आपलं राज्य दरिद्री का, वैद्य मिळत नाहीत का, पुलासाठी दर वेळी शेजाऱ्यांचे पाय का धरावे लागतात, हे तो वर्षानुवर्षं दरबारात विचारत आला होता. उत्तर इथं हात वर करून उभं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी त्याची गत झाली होती.

गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. "महाराज, मी बी घंटाच धरली होती. साठ वर्सं शेळ्या राखल्या. मला पोथी वाचायची लई हौस होती, पण देवाचीच मर्जी न्हाई म्हणून गप बसलो. आता म्हणता, देव न्हवता, मध होता. मग माझी ती वर्सं कोण देणार?"

 राजाने म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. "आजोबा, ती मला देता यायची नाहीत," तो म्हणाला, आणि सगळ्यांसमोर त्याला रडू कोसळलं.

मग त्याने जाजमावरची घंटा उचलून घेतली. "आजपासून पहिली मूठ हा खेळ," तो म्हणाला. "बाळाने काहीही धरावं, हसावं, घरी जावं. शाळा मुठीवर ठरणार नाही. या मातीत जन्मलं, की ते मूल शाळेचं. मुलगा असो, मुलगी असो, कुणाचंही असो. आणि कुणी दार लावलं, तर ते दार मी काढून आणीन."

प्रधानजींना आता वाचा फुटली. "महाराज, सगळेच शिकले तर शेळ्या कोण राखणार?"

मधवाली अजून तिथंच उभी होती, कोपरापर्यंत मधाने माखलेली. तिला राहवेना. "प्रधानजी, राखणाराला अक्षर आलं म्हणून शेळी काय दूध द्यायची थांबत न्हाई. पर अक्षर न्हाई आलं तर पूल मातूर पडतो. माझा धनी त्या काठावर पोचला न्हाई, ते शेळ्या राखायला मानसं कमी होती म्हणून न्हवं."

प्रधानजी गप्प बसले. त्या दिवसापासून ते गप्पच बसू लागले, असंही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात इतकी पोरं जमली की गुरुजींना घाम फुटला. राजाची ती घंटा शाळेच्या चौकटीला टांगली होती. थोरली पहिल्या ओळीत बसली. ज्या शिपायाने तिला वेशीपर्यंत हाकललं होतं, त्यानेच तिला पाटी आणून दिली आणि नजर चुकवली. मागच्या भिंतीशी काठीवाला म्हातारा टेकून बसला होता. तो पहिलं अक्षर काढायला शिकला आणि पुढच्याच हिवाळ्यात गेला. पोथी त्याच्याने वाचून झालीच नाही. काही गोष्टी गोड होत नाहीत, मध कितीही ओता.

वर्षं गेली. कुंभाराचा मुलगा वैद्य झाला. कोष्ट्याची मुलगी गुरुजींच्या जागी शिकवू लागली. आणि नदीवर नवा पूल उभा राहिला, दगडी, रुंद कमानींचा. त्या साली आला तसा पूर जुन्या माणसांनीही पाहिला नव्हता. काठावरची झाडं उन्मळून गेली. पूल हलला नाही.

शेजारच्या राज्यातला तो जुना पूलबांधणारा कारागीर खबर ऐकून बघायला आला. त्याने कमानींवर हात फिरवला, खाली वाकून पायाचे दगड पाहिले आणि चकित होऊन विचारलं, "कुणी बांधला हा?"

राजाने बोट दाखवलं. पुलाच्या मधोमध मधवालीची थोरली उभी होती, हातात ओळंबा, आणि मजुरांना कठड्याची डागडुजी समजावत होती.

"महाराज!" कारागीर म्हणाला. "इतकी हुशार माणसं तुम्ही आजवर लपवून ठेवली होतीत कुठं?"

"लपवली नव्हती हो," राजा खाली बघत म्हणाला. "आमच्या डोळ्यांदेखत शेळ्या राखत होती."

मधवाली तेव्हा पुलावरून चालत पलीकडच्या काठाला निघाली होती. आता तिचे केस पांढरे झाले होते. वैद्यांच्या जुन्या घरापाशी पोचायला तिला काहीच वेळ लागला नाही. तिथं उभं राहून तिने मागे वळून पाहिलं. कडा दिसत होता, आपलं खोपटं दिसत होतं. इतकं जवळ! हा पूल त्या पावसाळ्यातही उभा असू शकला असता. दगड तेव्हाही डोंगरात होते, आणि बांधणारे हातही तेव्हा याच गावांत होते. फक्त त्या हातांत घंटा दिली गेली होती. तिला पुलाचा अभिमान वाटत होता आणि ती हमसून हमसून रडत होती.

तात्पर्य एवढंच: शिकणं ही कुणाच्या नशिबाची गोष्ट नाही, ती जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या हक्काची आहे. जो देश हा हक्क मोजक्या घरांत दार लावून वाटतो, त्याला पूल शेजाऱ्याकडून मागावा लागतो, आणि तो ऐन पुरात कामी येत नाही.